मापवहीतला अर्धा इंच : दोन काळांत घडणारी रहस्यकादंबरी पहिल्यांदा लिहिताना

आजच्या काळात कुणीतरी जुनं घर आवरायला काढतं, एका पेटीत काहीतरी सापडतं आणि मग एकाआड एक प्रकरणातून आपण सत्तर-ऐंशी वर्षं मागे जाऊन येतो. हा साचा इतका ओळखीचा आहे की तो सोपा वाटतो. मीही सोपा समजूनच लिहायला बसले होते. अडीचशे पानांचा पहिला खर्डा एका मैत्रिणीला दिला. तिने तो वाचून एकच प्रश्न विचारला, "जुन्या काळाची सगळी प्रकरणं गाळली, तर काय बिघडेल?" मी दोन दिवस विचार केला. काहीच बिघडत नव्हतं. आजची नात शेवटी एक पत्र वाचत होती आणि त्या पत्रात सगळं लिहिलेलं होतं. मागचा काळ नुसता देखाव्यापुरता होता.

त्यानंतर जे शिकले ते पायऱ्यांनी सांगते. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकते. या प्रकारात रहस्य टिकतं ते चुकीच्या वाचनावर. लेखकाने माहिती दडवून ठेवली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. माहिती समोर ठेवली, पण तिचा अर्थ आजच्या माणसाने चुकीचा लावला, की वाचकही त्याच्याबरोबर चुकतो आणि नंतर स्वतःच्या कपाळावर हात मारतो. जुन्या काळातल्या प्रकरणांचं काम हा चुकलेला अर्थ हळूहळू उलटा करत नेण्याचं.

पहिली पायरी : एक वस्तू शोधा, जी दोन तऱ्हांनी वाचता येईल

पत्र, रोजनिशी, फाडलेला फोटो यांच्यापासून शक्यतो लांब राहा. पत्रात आणि रोजनिशीत माणूस स्वतःच बोलतो, मग शोधायला उरतं काय? हिशेबाची वही, औषधाची चिठ्ठी, सामानाची यादी, पावती असले मुके कागद जास्त उपयोगी पडतात. ते कुणाला उद्देशून लिहिलेले नसतात, त्यामुळे खोटं बोलायचं त्यांना कारण नसतं.

मी निवडली शिवणकामाची मापवही. आजी कपडे शिवून द्यायची. तिच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि मापं आहेत, सगळी पेन्सिलीने. त्यात एका पानावर नुसतं 'आ.' असं अक्षर आणि खाली फ्रॉकची उंची, इंचांत :

१९३८ – १४
१९३९ – १६
१९४० – १८
१९४१ – २०
१९४२ – २२
१९४३ – २१॥

त्यापुढे पान कोरं. आजच्या नातीने ते पाहिलं आणि जे कुणीही म्हणेल तेच ती म्हणाली : घरात एक मुलगी होती, दरवर्षी वाढत होती, १९४३ नंतर ती गेली. मुलं आजारी पडली की खंगतात, त्यातच शेवटचं माप कमी भरलं असेल. घराण्यात कुणी या मुलीचं नावही काढत नाही, म्हणजे दुःख फार मोठं असणार. अर्थ चोख लागला. आणि पूर्णपणे चुकला.

आता तीच मापं शिवणकाम येणाऱ्या माणसाच्या नजरेने बघा. कुठलंच मूल दरवर्षी नेमकं दोन इंच वाढत नाही. एका वर्षी तीन वाढतं, पुढच्या वर्षी दीड. सलग पाच वर्षं जर आकडा असा सरळ रेषेत चालला असेल, तर टेप कुणाच्या अंगाला लागलेलाच नाही. ही अंदाजाने लिहिलेली मापं आहेत. मूल दिसत नाही, पण ते आता एवढं झालं असेल असं मनाशी धरून कुणीतरी दरवर्षी फ्रॉक शिवतंय. आणि १९४३ मध्ये आकडा अर्ध्या इंचाने मागे आला, कारण त्या वर्षी आजीने पहिल्यांदा त्या मुलीला समोर उभं करून माप घेतलं.

तुमची वस्तू अशी असायला हवी. पहिल्या वीस पानांत ती जशीच्या तशी, आकड्यांसकट वाचकापुढे ठेवता आली पाहिजे आणि तरी रहस्य फुटता कामा नये. सापडलेली वस्तू दाखवायला भीती वाटत असेल, तर वस्तू चुकीची निवडली आहे असं समजा.

दुसरी पायरी : काय घडलं हे एका पानात, कोण गप्प राहिलं हे चार पानांत

घटना बहुतेक वेळा साधीच असते. लग्नाआधी झालेलं मूल, बदललेलं मृत्युपत्र, दुसऱ्याच्या नावाने जगलेला माणूस. अशा घटना मोजक्याच आहेत आणि वाचकाला त्या सगळ्या पाठ असतात. नवेपणा गप्प बसण्यात असतो. म्हणून घटनेचा आराखडा झाला की एक कागद घ्या आणि गुपित ज्यांना ज्यांना माहीत होतं त्या प्रत्येकाचं नाव लिहा. नावापुढे तीन गोष्टी : त्याला नेमकं किती माहीत होतं, ते कसं कळलं, आणि तो का बोलला नाही.

हे तिसरं उत्तर प्रत्येकाचं वेगळं हवं. 'घराण्याची अब्रू' हे एकच कारण सगळ्यांना चिकटवलं की पात्रं लाकडी होतात. माझ्या कथेत 'आ.' ही आजीने दत्तक दिलेली तिची मुलगी. आजी गप्प राहिली, कारण तिने दत्तक आईला तसा शब्द दिला होता. तिचा नवरा गप्प राहिला, कारण त्याला माहीत आहे हे तिला कळलं तर ती घर सोडून जाईल असं त्याला वाटायचं. म्हणजे दोघं साठ वर्षं एकाच छपराखाली, दोघांनाही ठाऊक, आणि प्रत्येकाला वाटतंय की फक्त मलाच ठाऊक आहे. हे सुचलं त्या दिवशी मला कादंबरी मिळाली. खुनाची तयारी चालली होती, ती मी तिथेच सोडून दिली.

तिसरी पायरी : वयांचा तक्ता

कंटाळवाणी पायरी, पण चुकवू नका. आडव्या ओळीत वर्षं, उभ्या ओळीत माणसं आणि चौकटीत त्या वर्षीचं वय. माझ्या खर्ड्यात २०१८ साली एक म्हातारी शेजारीण खुर्चीत बसून खणखणीत आवाजात जुन्या गोष्टी सांगत होती. तक्ता केल्यावर कळलं की बाई एकशे चौदा वर्षांच्या आहेत.

दोन काळांत अंतर किती ठेवावं? साठ ते ऐंशी वर्षं मला सर्वांत सोयीची वाटतात. त्या काळातलं लहान मूल आज हयात असू शकतं, पण तेव्हा ते इतकं लहान होतं की त्याला अर्धंच आठवतं आणि त्यातलंही थोडं चुकीचं. शंभर वर्षांच्या पलीकडे गेलात की साक्षीला कुणी उरत नाही, सगळी मदार कागदांवर येते. तेही जमतं, पण पहिल्या कादंबरीला नको. माझ्या तक्त्यात आजी १९१७ ची, 'आ.' १९३६ ची, नातीची आई १९४४ ची, नात १९७५ ची आणि आजचा काळ २०१८. आता १९४३ कडे पुन्हा बघा. त्या वर्षाअखेरीस आजीला पुन्हा दिवस गेलेले आहेत. मापवहीतलं पान तिथेच का थांबलं, याचं दुसरं कारण मला तक्त्याने दिलं. ते काही मी ठरवलेलं नव्हतं.

चौथी पायरी : नोंदी कुठे आहेत यापेक्षा कुठे नाहीत ते बघा

आधी कथा कुठल्या देशात आणि कुठल्या वर्षांत घडते ते पक्कं करा, मग तिथल्या नोंदींचे नियम वाचा. नवा लेखक अभिलेखागारात काय मिळतं ते शोधत बसतो. रहस्यकथेला जास्त उपयोग होतो तो खंडाचा, म्हणजे जिथे नोंद जळली, बंद आहे किंवा कधी झालीच नाही त्या जागेचा.

इंग्लंड आणि वेल्सचंच बघा. तिथे जनगणनेचे तपशील शंभर वर्षं बंद असतात, १९२१ चे तपशील जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ ची मूळ कागदपत्रं डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाली. युद्ध चालू असताना लागलेली आग, पण शत्रूच्या बॉम्बमुळे नव्हे. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे १९२१ ते १९५१ असा तीस वर्षांचा खड्डा आहे आणि त्यात माणूस अलगद नाहीसा होऊ शकतो. त्या खड्ड्यात एकच दगड आहे, २९ सप्टेंबर १९३९ च्या रात्रीची राष्ट्रीय नोंदणी. या नोंदवह्या पुढे बरीच वर्षं सरकारी कामात वापरात राहिल्या, त्यामुळे लग्नानंतर बायकांची बदललेली आडनावं जुन्या नावावर खाडाखोड करून लिहिलेली आहेत. आणि जे लोक अजून हयात असू शकतील त्यांच्या ओळी लोकांना दाखवताना झाकलेल्या असतात. एका कुटुंबात चार ओळी, त्यातली तिसरी काळी. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

कायद्याच्या तारखाही अशाच वापरा. त्याच देशात दत्तकविधानाला कायद्याचं रूप मिळालं ते १९२६ च्या कायद्याने, आणि दत्तक गेलेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर स्वतःचा मूळ जन्मदाखला मागण्याचा हक्क मिळाला तो १९७५ च्या कायद्याने. तुमची 'आ.' १९३६ ची असेल, तर चाळिशीपर्यंत तिला तो मागताच येत नव्हता. चाळिशीत तिने मागितला का? मागून पुढे काय केलं? दाखला हातात असून ती दारात आलीच नसेल, तर का? दोन कायद्यांमधल्या पन्नास वर्षांत निम्मं कथानक बसलंय.

इतर देशांचे खंड वेगळे. अमेरिकेत जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. आयर्लंडमध्ये जून १९२२ मध्ये डब्लिनचं अभिलेखागार उद्ध्वस्त झालं आणि कित्येक शतकांच्या नोंदी राखेत गेल्या. रशियात १९१८ साली ३१ जानेवारीनंतरचा दिवस १४ फेब्रुवारी होता, कारण तेव्हा कालगणना बदलली. त्या सुमाराच्या दोन कागदांवर एकाच घटनेच्या तारखांत तेरा दिवसांचा फरक दिसला, तर आजचा माणूस म्हणेल की कुणीतरी खोटं बोलतंय. खोटं कुणीच बोलत नसतं.

कागद आणि शाई यांची थोडी माहिती करून घ्या. बॉलपेन सर्वसामान्यांच्या हाती आलं ते १९४५ नंतर. लोखंडी क्षार आणि मायफळाची जुनी शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि कधी कधी कागदच खाऊन टाकते. १९८३ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या तथाकथित रोजनिशा छापायला घेतल्या. मे महिन्यात त्या बनावट ठरल्या, कारण कागदात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरेपणा आणणारं रसायन सापडलं. मजकुरावर तज्ज्ञांचं एकमत होत नव्हतं, कागदाने निकाल दिला.

एक इशारा. हे सगळं वाचायला इतकं गोड असतं की लिहिणं राहून जातं. मी स्वतःला नियम घालून घेतला : एका प्रकरणासाठी तीन दिवस वाचन, मग खुर्ची. जी माहिती सापडली म्हणून लिहावीशी वाटते, ती वगळायची. पात्राला जिची गरज आहे तीच ठेवायची.

पाचवी पायरी : डीएनएची अडचण सोडवा, टाळू नका

आजचा काळ २०१० नंतरचा असेल, तर वाचक विचारणारच, "हिने लाळेची चाचणी का नाही केली?" नात चाचणी करत नाही, एवढं म्हणून सुटका होत नाही. तिला ती करू द्या.

कारण त्या आकड्यातही चुकीच्या वाचनाला भरपूर जागा आहे. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा डीएनए समान असतो. पाव हिस्सा जुळला तर समोरची व्यक्ती सावत्र बहीण (आई किंवा वडील, दोघांतलं एकच सामाईक) असू शकते, सख्खी मावशी किंवा आत्या असू शकते, आजीही असू शकते. साडेबारा टक्के जुळले तर ती सख्खी मावसबहीण किंवा चुलतबहीण असेल, नाहीतर आईची सावत्र बहीण. आकडा एकच, नाती वेगळी.

माझ्या नातीला एका अनोळखी बाईशी साधारण बारा टक्के जुळणी दिसते. संकेतस्थळ वय दाखवत नाही. नात समजते की ही आपली मामेबहीण, म्हणजे मामाने कुठेतरी दिवे लावलेत. बिचाऱ्या मामाच्या मागे ती पुढची सत्तर पानं लागते, घरात भांडण होतं, आई बोलणं टाकते. आणि पलीकडची बाई निघते ८१ वर्षांची, म्हणजे आईची सावत्र बहीण. वाचकाला त्या बाईच्या वयाची चाहूल आधीच लागायला हवी. मी तिला निरोप मोठ्या अक्षरांत, प्रत्येक शब्दानंतर दोन टिंबं देऊन लिहायला लावलं. ज्यांच्या घरात त्या वयाचं माणूस फोन वापरतं त्यांनी ते लगेच ओळखलं.

सहावी पायरी : दोन काळ एकमेकांत विणा

एकाआड एक प्रकरण ही सक्ती नाही. गरज पडेल तिथे जुन्या काळाची दोन प्रकरणं सलग येऊ द्या. पण प्रत्येक वळणावर स्वतःला विचारा : मागच्या प्रकरणाने वाचकाला असं काय दिलं, जे पुढच्या प्रकरणातल्या माणसाला माहीत नाही? कधी वाचक नातीच्या पुढे असावा, कधी आजीच्या. उदाहरणार्थ, नात म्हणते मुलगी मेली. लगेच पुढच्या प्रकरणात १९४३ ची आजी रेल्वेत बसलेली आहे, मांडीवर बासनात गुंडाळलेला नवा फ्रॉक, खिशात टेप. ती मुलगी जिवंत आहे हे वाचकाला कळलं. आता नात चुकीच्या कबरीपाशी उभी राहते तेव्हा वाचकाचा जीव वरखाली होतो.

प्रत्येक प्रकरण ऐन धक्क्याच्या जागी तोडायचा मोह आवरा. दार उघडलं आणि प्रकरण संपलं, फोन वाजला आणि प्रकरण संपलं, असं चार वेळा झालं की वाचक पानं चाळून आपल्या आवडत्या काळाकडे उडी मारतो. तशी उडी तो मारणारच असेल, तर दोघांतला एक काळ कच्चा आहे. बहुधा तो आजचा असतो. आजच्या माणसाला स्वतःचं काही पणाला लावायला हवं, नुसतं कुतूहल पुरत नाही. मामाशी झालेलं भांडण मी त्यासाठीच वाढवलं.

सातवी पायरी : दोन काळांच्या दोन मराठ्या

हे फक्त मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. जुन्या काळाला 'जुनी' भाषा द्यायची म्हणून संस्कृत शब्दांचा मारा करू नका. १९४३ मध्येही लोक बोलताना बोलायचेच, पोथी वाचायचे नाहीत. फरक गाळण्यातून येतो. त्या प्रकरणांतून 'टेन्शन', 'शॉक', 'शेअर करणं', 'स्पेस' काढा. मनाचं दुखणं तेव्हाची माणसं नाव देऊन सांगत नसत. 'मला अपराधी वाटतं' असं आजी म्हणणार नाही, ती शिवण उसवेल आणि पुन्हा घालेल.

मी आजीची प्रकरणं तृतीय पुरुषात, भूतकाळात लिहिली आणि नातीची प्रथम पुरुषात. त्याने वरच्या बाजूला साल छापायची गरज जवळजवळ उरली नाही. तरी साल छापा. वाचक रात्री झोपेत वाचतो.

आठवी पायरी : उलगडा दोन्ही काळांत एकाच ठिकाणी

मरणाऱ्या माणसाचा कबुलीजबाब आणि शेवटच्या पेटीतलं लांबलचक पत्र, दोन्ही बाद. उलगडा वस्तूतूनच व्हायला हवा. माझ्या कथेत कपडे शिवणारी एक ओळखीची बाई ती वही सहज चाळते आणि म्हणते, "ही मापं घेतलेली नाहीत गं, धरलेली आहेत." त्या एका वाक्यावर नातीने दोनशे पानं रचलेलं सगळं कोसळतं. लगेच पुढे १९४३ : बागेतलं बाक, सहा वर्षांची मुलगी, आणि आजी टेप लावते. बावीस धरलं होतं, साडेएकवीस भरलं. आणलेला फ्रॉक किंचित लांब होतो. मुलगी म्हणते, "आई म्हणते, मी वाढेन त्यात." ती 'आई' कुणाला म्हणाली, ते आजीला कळतं. याहून जास्त मी त्या प्रकरणात काही लिहिलं नाही. लिहिलं होतं, पाच पानं. ती काढली.

नववी पायरी : दोनदा वेगळं वाचा, मग दुसऱ्याला द्या

खर्डा झाला की आजचा काळ सलग छापून वाचा, मग जुना काळ सलग. प्रत्येकाला स्वतःचा सुरुवात-शेवट आहे का ते बघा. मैत्रिणीचा प्रश्न इथे स्वतःला विचारायचा, दोन्ही बाजूंनी. मग धाग्यांची यादी करा : प्रत्येक खूण कुठल्या पानावर पेरली, कुठे तिचा चुकीचा अर्थ लागला, कुठे खरा. एखाद्या खुणेपुढे मधला रकाना रिकामा असेल, तर ती खूण नुसती माहिती आहे.

शेवटी असा वाचक शोधा ज्याला कथा अजिबात ठाऊक नाही. त्याला निम्मंच हस्तलिखित द्या आणि काय घडलं असेल ते लिहून मागा. चुकीचं पण ठाम उत्तर आलं की खुणा बरोबर बसल्या. 'काहीच कळत नाही' असं आलं, तर तुम्ही लपवाछपवी केली आहे.

मी माझं अर्धं हस्तलिखित मुद्रितशोधन करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दिलं. त्यांनी उत्तराच्या कागदावर लिहिलं, मुलगी तापाने गेली. आणि सोळाव्या पानावर समासात, लाल पेनाने : '२२ नंतर २१॥? आकडा चुकलाय, तपासा.' बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या मी केल्या.